लघुग्रहाच्या सावलीमागे मोहोळला

चिपळूणच्या स्टँडवर कंडक्टरने माझी लांबलचक पेटी बोटांनी वाजवून पाहिली.

"बाई, ह्यात आहे तरी काय?"

"दुर्बीण."

"एवढी मोठी? कशाला?"

"आकाशातून एक दगड येतोय. त्याची वाट मोजायला चाललेय."

"मोजल्याने तो थांबणार आहे का?" असं म्हणत त्याने पेटीचं वेगळं तिकीट फाडलं.

हा प्रश्न मी निघायच्या आधीपासून ऐकत होते. शेजारी, नातेवाईक, दुकानात येणारी गिऱ्हाइकं, सगळ्यांचा सूर एकच: एवढं मोठं आकाश, एवढा मोठा दगड, आणि चष्मे विकणारी तू त्याचं काय करणार? माझं बाजारपेठेत चष्म्याचं दुकान आहे हे खरं. पण मोतीबिंदू पिकलेला माणूस 'आता वय झालं, दिसेल तेवढं दिसेल' म्हणाला की मला राग येतो. मी त्याला आधी खुर्चीत बसवते आणि डोळे तपासते. दगडाच्या बाबतीतही माझं तेवढंच म्हणणं होतं.

हा दगड म्हणजे एक लघुग्रह, आमच्या गोवळकोटच्या टेकडीएवढा. काही वर्षांनी तो पृथ्वीच्या जवळून जाणार होता. जवळून म्हणजे नेमकं किती अंतरावरून, हे अजून कोणालाच सांगता येत नव्हतं. त्याची वाट कागदावर एका रेघेने काढण्याइतकी पक्की नव्हती. तो एक रुंद पट्टा होता आणि त्या पट्ट्यात आपली पृथ्वीही होती. धोका अगदी थोडा, पण शून्य नाही.

तो पट्टा अरुंद करायचा एक उपाय आहे. असा दगड कधीतरी एखाद्या दूरच्या ताऱ्याच्या आड येतो आणि क्षणभर तारा झाकला जातो. ह्याला पिधान म्हणतात. त्या वेळी दगडाची पुसटशी सावली पृथ्वीवरून सरकत जाते, तीही जेमतेम एखाद्या शेताच्या रुंदीची. तिच्या वाटेवर माणसं आडवी ओळीने बसवली आणि कोणाचा तारा झाकला, कोणाचा नाही हे टिपलं, तर दगड नेमका कुठे आहे ते कळतं. या वेळी सावली सोलापूर जिल्ह्यावरून जाणार होती. आम्हा हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटाने मोहोळ तालुक्यात शेताशेतांतून जागा आखून दिल्या होत्या. त्यातली एक माझी.

कुंभार्ली घाट चढून गाडी कराडला आली आणि तिथे मी गाडी बदलली. विटा मागे पडल्यावर झाडं विरळ होत गेली. सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागा लागल्या, मंगळवेढ्याजवळ काळीभोर जमीन आणि तिच्यावर नजर पोचेल तिथवर शाळू (रब्बीची ज्वारी). कोकणात आम्ही आकाश माडांच्या फटींतून तुकड्या-तुकड्याने बघतो. इथे ते चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं होतं. खिडकीला नाक लावून मी बघत राहिले. शेजारच्या बाईंनी न राहवून विचारलं, "काय बगताय हो? हितं काईच न्हाय की."

"तेच बघतेय," मी म्हटलं.

सोलापुरात माझी जोडीदार होती श्रीलता. आमची ओळख गटातली, भेट पहिलीच. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि तिचं घर विणकरांच्या वस्तीत आहे. गल्लीत शिरल्यापासूनच टॉवेल विणणाऱ्या मागांचा खडखडाट सुरू झाला. तिच्या आईने दारातच तेलुगूत विचारलं, "तिन्नारा?" (जेवलात का?). उत्तराची वाट न बघता त्यांनी पापडासारखी कुरकुरीत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पुढे ठेवली. चटणी मी कोकणी बेताने घेतली. ते बघून त्यांनी आणखी दोन चमचे वाढले आणि वर दही ओतलं.

जेवताना श्रीलताने तिचा मोबाइल पुढे केला. "ताई, हे बघितलंत? वर्गातल्या निम्म्या मुलींनी मला पाठवलंय."

एक चित्रफीत होती. घाबरवणारं संगीत, जळत येणारा गोळा, आणि मग सोलापूर जिल्ह्याचा नकाशा. त्यावर तिरपी लाल रेघ. 'इथे कोसळणार महासंकट!' ती रेघ मी ओळखली. निरीक्षकांना जागा कळाव्यात म्हणून आमच्याच गटाने काढलेला तो सावलीचा नकाशा होता. कुणीतरी तो उचलून सावलीच्या रेघेवर दगड पाडला होता.

"उद्या लोकांना समजावून सांगू," मी म्हटलं.

"समजावून सांगणं सोपं असतं का ताई? मी रोज चाळीस जणींना सांगते."

सकाळी श्रीलताने भावाचा टॉवेल पोचवायचा छोटा टेम्पो काढला. चालवत तीच होती. मोहोळच्या अलीकडे तिने महामार्ग सोडला आणि टेम्पो मातीच्या रस्त्याला लागला. तिथल्या एका खड्ड्यात तो असा आपटला की मी मागे चढून पेटीला मिठी मारून बसले. तशाच आम्ही नेमून दिलेल्या जागी पोचलो.

ती एक वस्ती (शेतात बांधलेलं घर) होती. समोर मोकळं खळं, पलीकडे शाळू. अंगणात एक जीप उभी होती आणि एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ तिच्या मागच्या सीटवर गादी पसरत होते. हे आप्पा, शेताचे मालक. बाजेवर एक तरुण बाई पाय सोडून बसली होती. दिवस भरत आलेले दिसत होते. तिची सासू आतून पिशव्या आणून ठेवत होती.

"कुटनं आला?" आप्पांनी विचारलं.

श्रीलताने आमची ओळख करून दिली आणि म्हणाली, "संध्याकाळी थोडा वेळ तुमच्या खळ्यात दुर्बीण लावायची होती, आप्पा."

"हितंच का? एवढं रान पडलंय."

"आमची जागा ठरलेली आहे. नकाशात बरोबर हीच येते," मी सरळपणे सांगून टाकलं.

आप्पांचा चेहरा बदलला. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला आणि तीच चित्रफीत माझ्यासमोर धरली. "म्हंजे खरं हाय तर. रेग माज्या रानावरनं जातीया, आन् तुमी यंत्रं घिऊन बरोब्बर रेगंवर आला."

मग मला कळलं की जीप कशासाठी उभी होती. बाजेवरची ती त्यांची सून, राणी. नवरा पुण्याला कारखान्यात. सुनेला आणि पोटातल्या जिवाला रेघेपासून लांब न्यायचं म्हणून आप्पा तिला नांदेडला तिच्या मावशीकडे धाडत होते. मोहोळच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र रक्तदाब वाढलाय, प्रवास अजिबात नको असं बजावलं होतं. हे सासूबाईंनी हळूच श्रीलताच्या कानात सांगितलं.

मी पुढे झाले. "आप्पा, ती रेघ आमचीच आहे. पण ती दगडाची नाही, सावलीची आहे. अंगणावरून घारीची सावली जाते तेव्हा घार अंगणात पडते का? आज इथे काहीही पडणार नाही. दगड आज लाखो कोस लांब आहे."

आप्पांनी विचार केला. "आज न्हाय. मंग कदी?"

"काही वर्षांनी तो पृथ्वीजवळून जाईल. पडेलच असं नाही."

"न्हाय पडनार असं म्हना."

मी श्रीलताकडे बघितलं.

"म्हना की. तुमी शिकलेल्या हाय. न्हाय पडनार, एवडंच म्हना. मी आत्ता जीप माघारी लावतो."

श्रीलता माझ्या कानाशी लागली. "म्हणून टाका की ताई. ती पोरगी बघा. एवढ्या लांबचा रस्ता झेपेल तिला?"

माझ्या जिभेवर ते शब्द आलेही होते. दोनच शब्द, आणि एक बाई सुखरूप घरी राहिली असती. पण मग मी इथे आले कशाला? चित्रफीतवाल्याने खात्रीने 'पडणार' सांगितलं, मी खात्रीने 'नाही' सांगायचं, आणि खरं दोघांनाही माहीत नाही. दुकानात मी आंधळेपणाकडे झुकलेल्या माणसाला कधी 'सगळं छान आहे' म्हटलेलं नाही.

"आप्पा, मी तसं म्हणू शकत नाही," मी म्हटलं. "पडायची शक्यता लई थोडी आहे. पण शून्य नाही. किती ते मोजायलाच आम्ही आलोय. तुम्ही खळं दिलंत तर थोडं जास्त नीट कळेल."

"शून्य न्हाय!" आप्पा जीपवाल्याकडे वळले. "ऐकलंस? बसव तिला गाडीत."

श्रीलताने कपाळावर हात मारला. सासूबाईंनी राणीला उठवायला हात पुढे केला. राणीने तो धरला, पण उठण्यासाठी नाही. तिने सासूलाच शेजारी बसवून घेतलं.

"मी न्हाय जानार," ती म्हणाली.

"राणी, तुला त्यातलं काय कळतंय?"

"ह्या ताई म्हनल्या ते कळलं की. धोका थोडा हाय, शून्य न्हाय. डॉक्टरीनबाई बी माज्या बाळतपनाचं तसंच म्हनल्या. सगळं बरं हुईल, पर शून्य धोका म्हनून कुनी लिवून देत न्हाय. तवा तुमाला भ्या न्हाय वाटलं. त्यांनी नगं म्हनलं तरी तुमी मला खड्ड्यातनं नांदेडला धाडताय. कशापायी? काई वर्सांनी येईल का न्हाय ठावं नसलेल्या दगडापायी?" तिला दम लागला. ती थांबली आणि पुन्हा बोलली. "यिऊ द्या त्याला यायचं तवा. माजं पोर हितंच जल्मनार. मी माजं घर सोडनार न्हाय."

जीपवाला गादीकडे बघत म्हणाला, "मंग मी जाऊ का?"

आप्पा शाळूच्या कडेकडेने बांधावरून चालत गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. जीपवाला मात्र शहाणा निघाला. त्याने गादी काढून बाजेवर टाकली, पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि गाडी वळवून निघून गेला.

आप्पा परत आले ते थेट माझ्याकडे. "लावा तुमचं काय ते. पर एक सांगतो. काय निगंल ते मला फोन करून सांगायचं. चांगलं निगालं तरी आन् वंगाळ निगालं तरी. गोडगोड न्हाय सांगायचं."

"सांगेन," मी म्हटलं.

दुपारभर आम्ही जुळवाजुळव केली. रस्त्यातल्या त्या खड्ड्याने दुर्बिणीच्या तिवईच्या एका पायाचा खिळा गिळला होता. श्रीलताने ट्रॅक्टरच्या डब्यातून एक बोल्ट शोधून ठोकून बसवला. दुर्बिणीला कॅमेरा, कॅमेऱ्याला अचूक वेळ नोंदवणारं यंत्र, त्याला बॅटरी. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं जमू लागली. आलेल्यांना रिकाम्या पोटी परत पाठवायचं नाही म्हणून सासूबाईंनी आगटी (हुरडा भाजायचा गोवऱ्यांचा खड्डा) पेटवायला सांगितली. शाळूची कोवळी कणसं निखाऱ्यात भाजून, गरम असतानाच तळहातावर चोळून हिरवे दाणे काढतात, तो हुरडा. माझा हात पोळला आणि चोळलेले निम्मे दाणे मातीत गेले. राणी पोट धरून हसली. "ताई, तुमी डोळंच तपासा," ती म्हणाली, आणि स्वतः चोळलेला एक मूठभर हुरडा माझ्या हातावर ठेवला. तिखट चटणी, गूळ आणि तो कोवळा, दुधाळ दाणा. कोकणातल्या माझ्या माणसांनो, आंब्याची शपथ घेऊन सांगते, यासाठी घाट उतरून-चढून यावं.

दिवस मावळला. पूर्वेला रोहिणी वर चढली होती आणि दगड ज्याच्या आड येणार होता तो तिच्या जवळचा मंद तारा मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पकडला. नुसत्या डोळ्यांना तो दिसतही नाही. पडद्यावर एक पांढरा ठिपका, एवढंच. आप्पांनी स्वतः जाऊन अंगणातला मोठा दिवा बंद केला आणि शेजारच्यांनाही ओरडून दिवे घालवायला लावले. गर्दी कुजबुजत माझ्या मागे उभी राहिली.

वेळ जवळ आली आणि वारा फिरला. आगटीचा धूर सरळ आमच्या अंगावर आला. ठिपका फिका पडला, पुन्हा दिसला, पुन्हा फिका पडला.

"धूर!" श्रीलता ओरडली. "आगटी विझवा, लवकर!"

मी पडद्यावरून नजर काढू शकत नव्हते. मागे फावड्याचा खसखसाट ऐकू आला. आप्पा भराभर माती ओढत होते, भाजत घातलेल्या कणसांसकट सगळं बुजवत होते. धूर तुटला. ठिपका स्वच्छ झाला. मी बघत होते. आता. आता. आता.

तारा चमकत राहिला.

वेळ टळून गेली, तरी मी बघत राहिले. शेवटी श्रीलताने यंत्र थांबवलं. माझे खांदे भरून आले होते. एवढ्या लांबून येऊन माझ्या वाट्याला सावली आलीच नव्हती.

"काय झालं?" मागून कोणीतरी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "तारा झाकला नाही."

गर्दीत हशा पिकला. "चिपळूणवरनं काईच न बगायला आल्या!" एक जण म्हणाला. "आन् आप्पांचा हुरडा बी मातीत!"

मला इतका राग आला की मी खुर्चीवरून उठून त्या अंधारात बोलायला लागले. "झाकला नाही, हे आता आपल्याला पक्कं ठाऊक आहे! दगड ह्या शेताच्या रेषेत नव्हता. काल हे पृथ्वीवर कोणालाही माहीत नव्हतं. आज तुमच्या खळ्याने ते सांगितलं. चित्रफीत काढणाऱ्याने असं काही मोजलंय का?"

हसू थांबलं. तेवढ्यात श्रीलताचा फोन वाजला. ती ऐकत गेली आणि तिचा आवाज चढत गेला. "उत्तरेच्या दोघांना मिळाला! ताई, आपल्या बांधापलीकडच्या दोन्ही जागांवर तारा झाकला! म्हणजे सावलीची कड आपल्या नि त्यांच्या मध्येच कुठेतरी!" तिने तिथेच आईला फोन लावून तेलुगूत सगळं सांगायला सुरुवात केली. आजूबाजूला कुणाला काही कळलं नाही, पण दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या.

आप्पा फावड्यावर रेलून उभे होते. "आमच्या रानानं न्हाय म्हनून सांगितलं, ते बी उपेगी पडलं म्हना की," ते म्हणाले.

"लई उपयोगी पडलं."

"मंग ठीक हाय," असं म्हणून ते मातीतली कणसं उकरून काढायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी घाट उतरून घरी आले आणि दुकान उघडलं. मोजमापं सगळीकडून गोळा व्हायची होती, त्यांच्यावर गणित व्हायचं होतं. त्यात काही आठवडे गेले. मग एका सकाळी गटप्रमुखांचा फोन आला. आमची निरीक्षणं उत्तम निघाली होती. दगडाच्या वाटेचा रुंद पट्टा एकदम अरुंद झाला होता. पण पृथ्वी अजून त्या पट्ट्यात होती. त्यामुळे धोक्याचा आकडा कमी न होता वाढला होता.

ज्याला हे विचित्र वाटेल त्याच्यासाठी सांगते. दिवाणखान्यात कानातलं पडलं आणि अर्धी खोली झाडून झाली, तर ते न झाडलेल्या एखाद्या कोपऱ्यात असायची शक्यता वाढते. बहुतेक वेळा आणखी झाडलं की कळतं, कानातलं त्या कोपऱ्यात पडलंच नव्हतं. ह्या दगडाचंही तसंच होईल, असं गटप्रमुखांना वाटतं. मलाही वाटतं. पण वाटणं आणि मोजणं ह्यांतला फरक ठेवण्यासाठीच मी दुर्बीण घेऊन गेले होते.

आता आप्पांना फोन करायचा होता. दिवसभर मी तो टाळला. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर नंबर फिरवला.

"बोला ताई," आप्पा म्हणाले. मागे एक तान्हं मूल जीव खाऊन रडत होतं.

"कोण रडतंय?"

"नात झाली की! मोहोळलाच. डागतरीनबाईंनी येळेवर हात दिला. दोगी बऱ्या हायत." मग त्यांनीच विचारलं, "तुमचं काय निगालं?"

मी काहीही न लपवता सांगितलं. आकडा थोडा वाढलाय, का वाढलाय, आणि अजून नक्की काहीच म्हणता येत नाही. मग आप्पांनी कोणाला तरी सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि फोन हातात देण्याचा आवाज आला.

"ताई," राणी म्हणाली, "वाडला व्हय आकडा?"

"हो. थोडा."

"मंग परत मोजा की."

तिच्या आवाजात ना भीती होती ना धीर द्यायचा प्रयत्न. मुलीला तिने बहुतेक छातीशी घेतलं असावं, कारण रडणं थांबलं.

"पुढची सावली दुसरीकडे पडणार आहे, गुजरातेत," मी म्हटलं.

"मंग तितं जा. काय निगंल ते सांगा. आमी काय, हितंच हाय."

मी फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी, दुकानाचं शटर ओढायच्या आधी, पुढच्या निरीक्षणासाठी माझं आणि श्रीलताचं नाव नोंदवून टाकलं.